रिपोर्ट नॉर्मल, पण पाय जळतात : स्मॉल फायबर न्यूरोपॅथीची जुनी गोष्ट

"डॉक्टर, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग माझे पाय जळतात कशाने?"

हा प्रश्न घेऊन येणाऱ्या माणसाची फाइल बहुधा जाड असते. त्यात कमरेचा एमआरआय असतो, पायांच्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर असतो, नसांची एनसीव्ही तपासणी असते आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी ‘नॉर्मल’ असे लिहिलेले असते. रात्री तळव्यांची आग होते, चादरीचा स्पर्शही नको वाटतो, गार फरशीवर पाय टेकवले की घटकाभर बरे वाटते. सकाळी घरातले विचारतात, "काही निघालं नाही ना? मग कशाला एवढं मनाला लावून घ्यायचं?" असे वर्ष-दोन वर्षे गेल्यावर कुणीतरी न्यूरॉलॉजिस्ट कागदावर ‘स्मॉल फायबर न्यूरोपॅथी’ असे लिहून देतात.

तुमच्या कागदावर हे नाव नुकतेच आले असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे. औषधांची यादी देण्याआधी मला तुम्हाला या आजाराचा इतिहास सांगायचा आहे. निदान कळल्यावर दोन प्रश्न डोक्यात घोळत राहतात : इतके दिवस कुणाला कळले कसे नाही, आणि आता पुढे काय? या दोन्हींची बरीचशी उत्तरे इतिहासात आहेत.

आधी एक अनुभव आठवा. अंधारात उंबरठ्याला पायाचा अंगठा ठेचाळतो. क्षणात एक तीक्ष्ण झटका बसतो आणि तुम्ही पाय मागे घेता. मग साधारण सेकंदभराने खरी कळ येते, ठणकणारी, जळजळणारी, ओठ चावायला लावणारी. या दोन वेदना दोन वेगवेगळ्या तारांवरून आलेल्या असतात. (इथे नस म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू.) पहिली वेदना पातळ आवरण असलेल्या तंतूंवरून येते. दुसरी येते ती आवरण नसलेल्या अतिशय बारीक तंतूंवरून. त्यांच्यातून संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर जातो, म्हणजे आपण रमतगमत चालतो त्या वेगाने. अंगठ्यापासून पाठीच्या कण्यापर्यंतचे अंतर मोजा, म्हणजे तो सेकंद कुठे गेला ते कळेल. वेदना, ऊन-गार कळणे, घाम येणे, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळणे-सैलावणे ही कामे या बारीक तंतूंची. स्पर्श, कंपन, सांध्यांची स्थिती आणि स्नायूंची ताकद ही कामे जाड तंतूंची. तुमच्या आजारात बिघडले आहेत ते बारीक तंतू.

आता मागे जाऊ या. आग होणारे पाय नवीन नाहीत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये ‘पाददाह’ आणि ‘पादहर्ष’ ही दोन वेगळी नावे आहेत. एक जळणाऱ्या पायांचे, दुसरे मुंग्या येऊन बधिर होणाऱ्या पायांचे. आजचे निदान तेव्हा माहीत होते असे मी म्हणत नाही, तसे म्हणणे दोघांवरही अन्याय करणारे ठरेल. पण आग आणि बधिरपणा या दोन निराळ्या तक्रारी आहेत, हे कुणीतरी रुग्णाचे नीट ऐकून घेतल्याशिवाय लिहिता येत नाही.

आधुनिक वैद्यकात या तक्रारीची एक जुनी नोंद आपल्याच देशातली आहे. १८२६ साली ग्रियर्सन नावाच्या डॉक्टरांनी कलकत्त्याच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीच्या अंकात ‘नेटिव्ह’ लोकांच्या पायांच्या आगीवर लेख लिहिला. पुढे शंभर वर्षे ‘बर्निंग फीट’ हे नाव वसाहतींमधल्या डॉक्टरांच्या लिखाणात येत राहिले, बहुतेक वेळा अर्धपोटी माणसांच्या संदर्भात. मग दुसरे महायुद्ध आले. सिंगापूर आणि हाँगकाँग पडल्यावर हजारो सैनिक जपानी छावण्यांमध्ये कैद झाले. पॉलिश केलेला तांदूळ आणि त्याबरोबर फारसे काही नाही, असे जेवण. काही महिन्यांत त्यांचे पाय पेटू लागले. कैद्यांनी या त्रासाला ‘इलेक्ट्रिक फीट’ आणि थट्टेने ‘हॅपी फीट’ अशी नावे ठेवली. माणसे रात्र रात्र पाय चोळत बसत, छावणीत येरझाऱ्या घालत, पाय गार पाण्यात बुडवून ठेवत. छावणीतले डॉक्टर तपासत तेव्हा पुष्कळांच्या पायांत ताकद असे, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडे, बाहेरून दिसण्यासारखे फारसे काही नसे. तुमच्या फाइलमधल्या ‘नॉर्मल’ शब्दाची ही जुनी आवृत्ती.

१९४६ साली डॉ. सी. गोपालन यांनी ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये भारतातल्या गरीब रुग्णांच्या पायांच्या आगीवर लेख लिहिला. ब गटातल्या पँटोथेनिक ॲसिड या जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन रुग्णांना आराम पडल्याची नोंद त्यांनी केली. हेच गोपालन पुढे भारतातल्या पोषणशास्त्राचे मोठे नाव झाले, आणि या आजाराला आजही काही पुस्तकांत ग्रियर्सन-गोपालन सिंड्रोम म्हणतात. युद्धकैद्यांची कथा मात्र जेवण मिळाल्यावर संपली नाही. बहुतेकांना आराम पडला, पण इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी परतलेल्या कैद्यांची तपासणी केली तेव्हा काहींचे पाय तीन दशकांनंतरही जळत होते. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. कारण लवकर शोधले तर नसांना सावरायला वाव मिळतो आणि उशीर झाला तर काही भाग कायमचा जातो, हे त्या माणसांनी दाखवून दिले. म्हणूनच तुमचे डॉक्टर इतक्या रक्ताच्या तपासण्या सांगतात. कंटाळू नका.

आता त्या दुसऱ्या जखमेकडे वळू, जी तपासणीत दिसत नाही : ‘हा सोंग करतोय का?’ ही शंका. अमेरिकेतल्या यादवी युद्धात फिलाडेल्फिया शहरात टर्नर्स लेन नावाचे, खास नसांच्या दुखापतींसाठीचे रुग्णालय काढले होते. तिथे वेअर मिचेल, मोरहाउस आणि कीन हे तिघे डॉक्टर काम करत. गोळी लागून नस दुखावलेले सैनिक त्यांच्याकडे येत. जखम भरलेली असे, पण हातापायांची आग इतकी की ते सतत ओला फडका गुंडाळून ठेवत, काही जण तर बुटात पाणी ओतून चालत. मिचेलने या वेदनेला पुढे ‘कॉझाल्जिया’ असे नाव दिले. गंमत अशी की याच तिघांनी १८६४ साली, ज्या वर्षी त्यांचे नसांच्या जखमांवरचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, आजाराचे सोंग करणारे सैनिक कसे ओळखावेत यावरही लेख लिहिला. म्हणजे सोंग पकडण्यात जे तरबेज होते, त्यांनीच ही आग खरी आहे असे ठामपणे लिहून ठेवले. तुमच्या घरात कुणी शंका घेत असेल तर हा किस्सा सांगून पाहा.

बरे, आग खरी होती तर तपासणीत का सापडत नव्हती? दोष यंत्राचा होता. १९२०च्या दशकात सेंट लुईस इथे अर्लँगर आणि गॅसर यांनी कॅथोड रे ऑसिलोस्कोप वापरून नसेतून जाणारा विद्युत संदेश पडद्यावर पाहिला. एक लाट दिसेल असे वाटत होते, तिथे अनेक लाटा दिसल्या. जाड तंतूंची उंच लाट आधी, आणि अगदी बारीक तंतूंची, ज्यांना आपण आज सी फायबर म्हणतो, लहानशी लाट खूप मागून. या कामासाठी दोघांना १९४४चे नोबेल मिळाले. त्यानंतर काही वर्षांतच माणसाच्या हातापायाच्या नसांचा वेग मोजण्याची तपासणी दवाखान्यात आली, तीच आपली एनसीव्ही. पण ही तपासणी पकडते ती उंच, वेगवान लाट. मागून रांगत येणारी ती लहान लाट नेहमीच्या एनसीव्हीत दिसतच नाही. हायवेवरचा टोलनाका ट्रक मोजतो, शेजारच्या पायवाटेने कोण गेले ते त्याला कसे कळणार? आणि आपल्या त्वचेकडे जाणाऱ्या नसांमध्ये पायवाटेने जाणारे संख्येने कितीतरी जास्त असतात.

म्हणजे तुमचा एनसीव्हीचा रिपोर्ट खोटा नव्हता. त्याला जे विचारले त्याचे त्याने खरे उत्तर दिले. चूक आम्हा डॉक्टरांची, ‘जाड नसा नॉर्मल’ याचा अर्थ आम्ही ‘सगळ्या नसा नॉर्मल’ असा लावला. मीही सुरुवातीच्या वर्षांत असे कागद पाहून बी-ट्वेल्व्ह आणि झोपेची गोळी लिहून दिलेली आहे, आणि "टेन्शन कमी करा" असेही म्हटलेले आहे.

मग बारीक तंतू पाहायचे कसे? उत्तर त्वचेत होते आणि ते सापडायला सव्वाशे वर्षे लागली. १८६८ साली बर्लिनमध्ये पॉल लँगरहान्स या विशीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्याने सोन्याच्या क्षाराने त्वचा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. त्याला त्वचेच्या अगदी वरच्या थरात ताऱ्यासारख्या पेशी दिसल्या आणि त्या नसांच्या असाव्यात असे त्याला वाटले. तो अंदाज चुकला. त्या पेशी रोगप्रतिकारशक्तीच्या निघाल्या, हे पुढच्या शतकात कळले. पण वरच्या थरापर्यंत नसा येतात की नाही, हा वाद चालूच राहिला, कारण इतके बारीक तंतू खात्रीने रंगवणारा रंगच नव्हता. १९८०च्या दशकात पीजीपी ९.५ नावाचे, नसांमध्ये भरपूर असणारे एक प्रथिन आणि त्याला चिकटणारी अँटीबॉडी हाती आली. स्वीडनमधल्या संशोधकांनी ती माणसाच्या त्वचेवर वापरली, आणि वरच्या थरात वाढलेले गवताच्या पात्यांसारखे तंतू स्पष्ट दिसले. १९९३ साली मिनेसोटात केनेडी यांच्या प्रयोगशाळेने त्यांची तपशीलवार चित्रे छापली. १९९५ साली जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने, ज्यात ग्रिफिन आणि मॅकआर्थर होते, न्यूरोपॅथीच्या रुग्णांच्या त्वचेत हे तंतू विरळ झाल्याचे दाखवले.

या कामामागे एचआयव्हीच्या रुग्णांचाही मोठा वाटा आहे. त्या काळात त्यांच्यापैकी पुष्कळांचे पाय जळत होते, कुणाचे विषाणूमुळे, तर कुणाचे औषधामुळे. आपल्याकडे २००४ साली सरकारी एआरटी केंद्रे सुरू झाली, तेव्हा स्टाव्हुडीन हे औषध सर्रास दिले जाई. त्याने पाय जळणारे रुग्ण आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी पाहिलेले आहेत. ते औषध आता मागे पडले.

तपासणी तशी साधी. घोट्याच्या वर साधारण १० सेंटिमीटरवर जागा बधिर करून ३ मिलिमीटर व्यासाचा त्वचेचा तुकडा काढतात, कधी मांडीवरूनही एक घेतात, आणि एका मिलिमीटरमध्ये किती तंतू आहेत ते मोजतात. मात्र ही मोजणी करणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे मोजक्याच आहेत. म्हणून तुमचे निदान बायॉप्सीशिवाय, केवळ लक्षणे आणि तपासणीवरून झाले असेल तर ते कच्चे आहे असे समजू नका. टाचणी, आणि गरम-गार पाण्याच्या दोन टेस्ट ट्यूब, ही आमची जुनी साधने आहेत. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर गरम-गार कळते का, हे आरोग्य कर्मचारी कित्येक वर्षे असेच पाहत आले आहेत, कारण त्या आजारातही बारीक तंतूच आधी जातात. जाता जाता सांगतो : अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल तर तो डॉक्टरांना जरूर दाखवा. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात आणि तो गोळ्यांनी बरा होतो.

आता दुसरा प्रश्न : पुढे काय?

पोर्तुगालमध्ये पोर्टो शहराजवळ पोव्होआ द व्हार्झिम नावाचे कोळ्यांचे गाव आहे. तिथल्या काही घराण्यांत ऐन तारुण्यात पाय बधिर होत, भाजले तरी कळत नसे, मग जुलाब, अशक्तपणा आणि काही वर्षांत मृत्यू. गावकरी त्याला ‘पायांचा आजार’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत आणि नशीब म्हणून सोसत. १९३९ साली कोरिनो द आंद्राद या न्यूरॉलॉजिस्टने तिथली एक रुग्ण पाहिली. ही नेहमीची न्यूरोपॅथी नव्हे, ऊन-गार आणि वेदना आधी जाते आणि घराण्यात चालते, हे त्यांच्या लक्षात आले. १९५२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. नसांमध्ये अमायलॉइड नावाचे प्रथिन साठत होते, आणि त्यातला बिघडलेला घटक मुख्यतः यकृतात तयार होतो हे नंतर कळले. १९९० पासून यकृत प्रत्यारोपण, २०११ साली युरोपात टॅफामिडिस, २०१८ साली पॅटिसिरान अशी औषधे येत गेली. तुम्हाला हा दुर्मीळ आजार असण्याची शक्यता फार कमी आहे. मी हे एवढ्यासाठी सांगतो की ‘स्मॉल फायबर न्यूरोपॅथी’ हे नाव कोणते तंतू बिघडले एवढेच सांगते. कशाने बिघडले, हा शोध त्यानंतर सुरू होतो. आपल्याकडे पहिला संशय मधुमेहावर आणि त्याच्या उंबरठ्यावरच्या साखरेवर घ्यायचा. मग बी-ट्वेल्व्हची कमतरता, दारू, थायरॉइड, तोंड-डोळे कोरडे पडणारा शोग्रेन, सीलिॲक, एचआयव्ही, केमोथेरपीची औषधे. पुष्कळ रुग्णांत सगळे शोधूनही कारण सापडत नाही. तेव्हा त्याला इडिओपॅथिक म्हणतात, ‘मानसिक’ म्हणत नाहीत.

आणि हे तंतू पुन्हा वाढू शकतात. हे कळले ते मिरचीमुळे. मिनेसोटाच्या त्याच गटाने निरोगी माणसांच्या त्वचेवर मिरचीतले कॅप्सायसिन मलम तीन आठवडे लावले. त्या जागेचे बारीक तंतू नाहीसे झाले, आग आणि टोचणे कळेनासे झाले, आणि मलम थांबवल्यावर काही आठवड्यांत तंतू परत उगवले. हे १९९९ साली छापून आले. (मिरचीने तोंडाची ‘आग होते’ असे आपण म्हणतो ते शब्दशः खरे आहे. उष्णतेचा चटका ओळखणारा आणि मिरची ओळखणारा रिसेप्टर एकच, असे डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ साली दाखवले, आणि २०२१च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. म्हणून घरी तळव्यांना मिरची चोळू नका!) मधुमेहींमध्ये ही वाढ सावकाश होते, हेही याच पद्धतीने कळले. २००६ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ३२ रुग्णांना वर्षभर आहार आणि व्यायामाचा नेम लावून दिला, तेव्हा मांडीच्या त्वचेतले तंतू वाढले आणि वेदना कमी झाल्या. अभ्यास लहान आहे, पण साखर आणि चालणे यांबद्दल मी रुग्णांच्या मागे लागतो ते याच्या भरवशावर.

पुढे व्हीलचेअर लागेल का, असे बरेच जण हळूच विचारतात. स्नायू हलवणारे तंतू जाड असतात आणि या आजारात ते शाबूत असतात. मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ९४ रुग्णांचा सरासरी सहा वर्षे मागोवा घेतला. साधारण एक तृतीयांश रुग्णांत पुढे जाड तंतूही बिघडले, पण कारण न सापडलेल्यांपैकी बहुतेकांना मोठे अपंगत्व आले नाही. वेदना मात्र राहते, ती हाताळावी लागते.

त्या वेदनेच्या गोळीबद्दल एक सांगायलाच हवे. तुम्हाला ॲमिट्रिप्टिलीन दिली असेल आणि घरी मुलाने मोबाइलवर शोधून "बाबा, ही तर डिप्रेशनची गोळी" असे सांगितले असेल. मग मनात येते, डॉक्टरांनाही हे वेडच वाटते तर! ही गोळी १९६१ साली नैराश्यासाठीच बाजारात आली, हे खरे. पण १९८७ साली एका अभ्यासात मधुमेही न्यूरोपॅथीच्या रुग्णांना ती दिली, आणि ज्यांना नैराश्य होते व ज्यांना मुळीच नव्हते अशा दोघांचीही वेदना कमी झाली. गॅबापेंटिनचेही तसेच, ती आली फिट्ससाठी. नसांवर परिणाम करणारी औषधे एकाहून अधिक आजारांत चालतात, एवढाच त्याचा अर्थ. वय जास्त असेल, हृदयाचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर ॲमिट्रिप्टिलीन सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसे सांगा.

युद्धकैद्यांसारखे पाय पाण्यात बुडवून बसण्याचा मोह होतो, विशेषतः एप्रिल-मे महिन्यात. नळाच्या पाण्याने पाय धुवा, बर्फात मात्र बुडवू नका, आणि थंडीत रबरी पिशवीने शेकू नका. चटका कळणारे तंतूच कमी आहेत, फोड आल्यावरच समजते. ब गटाच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या मनाने वाढवू नका. त्यातले बी-सिक्स फार मोठ्या प्रमाणात घेतले तर त्यानेच न्यूरोपॅथी होते, हे १९८३ पासून नोंदलेले आहे.

पुढच्या भेटीला येताना घरातल्या कुणाला तरी सोबत आणा, आणि ती जाड फाइलही आणा. एनसीव्हीचा तो नॉर्मल रिपोर्ट फाडून टाकू नका. त्या तारखेला तुमच्या जाड नसा शाबूत होत्या, याची ती लेखी नोंद आहे, आणि वर्ष-दोन वर्षांनी तपासणी पुन्हा केली तर आम्ही तुलना त्याच कागदाशी करणार आहोत.